जुनापाणीच्या दगडांना कोणता वर्ग?

नागपूरहून काटोल रोडने गिट्टीखदान मागे टाकले की थोड्याच वेळात जुनापाणीचा माळ लागतो. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळून बसलेले असते तेव्हा काळ्या धोंड्यांची वर्तुळे सहज ओळखू येतात. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढे होते आणि माणूस वर्तुळाच्या मधून चालत गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. गोल मांडलेले मोठे धोंडे, आत मुरूम आणि लहान दगडांची भर, मध्यभागी किंचित उंचवटा, एवढेच दिसते. खाली बसून धोंड्यांची बाहेरची बाजू पाहिली की काहींवर छोटे गोल खळगे ओळीने कोरलेले आढळतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, ते स्पष्ट दिसतात. दुपारच्या सपाट उजेडात हरवतात. खळग्यात बोट घातले की हे कोणीतरी बसून केलेले काम आहे, याबद्दल शंका उरत नाही.

ही दफने आहेत, लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. एकट्या जुनापाणीत सुमारे ३०० वर्तुळांची नोंद आहे. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये यातली काही उकरली आणि इथल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसल्या. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. जवळच्या माहुरझरीत शां. भा. देव यांना १९७० नंतरच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेले. पारशिवनीकडे नायकुंडला याच काळातली लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. नागपूर १७०२ मध्ये बख्त बुलंद शाहाने वसवले हे शाळेतल्या मुलाला ठाऊक असते. त्याच्या दोन हजार वर्षे आधी याच पठारावर लोखंड गाळणारी, घोडे पाळणारी माणसे राहत होती, हे सांगणारी ठळक खूण म्हणजे हे धोंडे. आणि ते दर वर्षी कमी होत आहेत.

असे का, याचे उत्तर निधीवाटपाच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्रात तीर्थक्षेत्रांना आणि पर्यटनस्थळांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे वर्ग आहेत. ‘क’ वर्गाचा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते, वरचे वर्ग राज्याकडून मिळतात. वर्ग ठरवताना सर्वांत वजनदार निकष म्हणजे वर्षाला किती माणसे येतात. दर्जा मिळाला की निधी, निधी आला की कामांची यादी, आणि ही यादी गडचिरोलीपासून सावनेरपर्यंत जवळजवळ एकच असते: सभामंडप, प्रवेशद्वार, सिमेंट रस्ता, गट्टूंची फरसबंदी, संरक्षक भिंत, हायमास्ट, वाहनतळ. ज्या जागी देव नाही, जत्रा नाही, तिथे मोजायला माणसे नाहीत. नागपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची शिळावर्तुळे केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, त्यांना धक्का लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. पण यादीतले नाव राखण करत नाही. राखण माणूस करतो, आणि माणसाचा पगार अंदाजपत्रकाच्या कोणत्या तरी शीर्षाखाली निघावा लागतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की निधी गर्दी मोजून देण्याची पद्धत या भागातल्या जुन्या जागांच्या मुळावर आली आहे. गर्दीची जागा या पद्धतीमुळे सिमेंटने झाकली जाते आणि बिनगर्दीची जागा पुसली जाते. जागेचे काय झिजते आहे, किती वेगाने झिजते आहे आणि ते थांबवायला काय लागेल, हे आधी मोजले पाहिजे.

वर्तुळ नाहीसे होते ते एका दिवसात नव्हे. आधी ट्रॅक्टरची नांगरट कडेपर्यंत येते आणि अडथळा करणारे दोन-चार धोंडे बांधावर जातात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मग कोणीतरी गुप्तधनाच्या आशेने मध्यभागी खड्डा घेतो. तिथे सोने नसते, मडक्यांचे तुकडे आणि गंजलेले लोखंड असते, ते तो बाजूला फेकतो. खड्डा पडला की पावसाचे पाणी आत शिरते आणि उरलेले थर खचतात. पुढे आतला मुरूम रस्त्याच्या भरावाला चांगला म्हणून उचलला जातो. शेवटी लेआऊट पडते, मोजणी होते, आणि जेसीबी सकाळी येऊन दुपारपर्यंत उरलेले धोंडे एका कोपऱ्यात लोटून देतो. ही पायरी आली की काहीच परत आणता येत नाही, कारण धोंड्यांना किंमत होती ती त्यांच्या जागेमुळे. कोणता धोंडा कोणत्या दिशेला, खळगे कोणीकडे तोंड करून, खाली काय होते, हे सगळे मांडणीत लिहिलेले होते. कोपऱ्यातला ढीग म्हणजे नुसती गिट्टी.

इथे चांगल्या हेतूनेही नुकसान होते, म्हणून सांगतो. ‘संरक्षण’ म्हटले की आपल्याकडे भिंतीचे अंदाजपत्रक तयार होते. भिंतीला पाया लागतो, पायाला चर लागतो, आणि दफनभूमीत सलग चर खणणे म्हणजे जे वाचवायचे तेच कापणे. इथे खांब आणि तार पुरते. खांबाचे खड्डे मोजकेच, तेही पुरातत्त्वाच्या माणसाला उभे करून घ्यावेत. वाहनतळ जवळ नकोच. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगीचे बंधन आहे. हा नियम अडचण म्हणून पाहण्याऐवजी आराखड्याची पहिली रेघ म्हणून वापरला, तर निम्म्या चुका आपोआप टळतील.

आता गर्दीच्या जागेकडे येऊ, म्हणजे रामटेककडे. रामगिरीवर लोक रामाच्या दर्शनाला जातात, आणि जावेच. अठराव्या शतकात पहिल्या रघुजी भोसल्यांनी गडमंदिराला नवे वैभव दिले, त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा पिढ्यान्‌पिढ्या भरते. पण वर चढताना वाटेत केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन ठेंगणी मंदिरे आहेत, त्यांच्यापुढे फार थोडे लोक थांबतात. ही वाकाटक राजवंशाच्या काळातली, पाचव्या शतकातली, म्हणजे गडमंदिराच्या आजच्या रूपाहून तेराशे वर्षे जुनी. केवल नरसिंहाच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला संस्कृत शिलालेख आहे. तो कित्येक शतके कोणाला माहीत नव्हता, कारण भिंतीवर चुन्याचे थर चढले होते. १९८० च्या दशकात दुरुस्तीच्या वेळी ते थर काढले तेव्हा अक्षरे उघडी पडली, आणि प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीच्या काळाबद्दल कळायला मोठी मदत झाली.

या घटनेत एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. तो थर चुन्याचा होता, म्हणून निघाला. सिमेंटचा असता तर दगडाची वरची कातडी सोबत घेऊनच सुटला असता आणि लेख त्याच्याबरोबर गेला असता.

सिमेंट जुन्या भिंतीला का मारते हे कामाच्या यादीवर सही करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. जुनी वीट, जुना दगड आणि चुन्याचे सांधे हे सगळे श्वास घेणारे असतात. पावसात पाणी आत जाते, उन्हात सांध्यांतून बाहेर पडते. सांध्यांत सिमेंट भरले की पाण्याची ही वाट बंद होते आणि ते सिमेंटपेक्षा मऊ असलेल्या दगड-विटेतून वाट काढते. सोबत क्षार येतात. पृष्ठभागाच्या मागे ते साखरेसारखे कण धरतात, फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून अशा भिंतीत सिमेंटचे सांधे जाळीसारखे उभे राहिलेले आणि मधला दगड खात गेलेला दिसतो. ऑइल पेंटचे तेच. गाभाऱ्यात ग्रॅनाइटच्या लाद्या बसवल्या की दमट भिंत आणखी घामेजते आणि ओल वर चढते. जुने काळे पडलेले दगड ‘साफ’ करायला वाळूचा मारा केला की दोन दिवस ते नवे दिसतात, नंतर दुप्पट वेगाने झिजतात, कारण वरचा टणक थरच गेलेला असतो.

चुन्याचे काम अवघड नाही, पण त्याला वेळ लागतो, आणि मार्चअखेर देयक काढायची घाई असलेल्या कामात वेळच नसतो. कळीचा चुना भिजवून किमान तीन आठवडे मुरवावा लागतो. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू किंवा सुरखी म्हणजे विटेची पूड, आणि चुन्याच्या घाण्यात एकजीव होईपर्यंत मळणी. जुने गवंडी त्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा चिकट गर घालत. लावण्याआधी भिंत भिजलेली हवी आणि लावल्यावर दहा-पंधरा दिवस ओले गोणपाट टाकून ओलावा राखायला हवा. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम करूच नये. चुना पकडण्याआधी वाळतो आणि हाताने भुगा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम. निविदा जानेवारीत निघाली तर हंगाम हातचा गेला, मग कंत्राटदार सिमेंटकडे वळणारच. पिंपळाचेही असेच चुकीच्या हिशेबाने चालते. भिंतीतले रोप वरून छाटले की ते दुप्पट जोमाने फुटते. मोठे झाल्यावर हिसका देऊन उपटले की भिंतच सुटून येते. बोटाएवढे असताना मुळासकट काढणे आणि पावसाळ्यानंतर दर वर्षी एक फेरी मारणे, एवढाच त्यावर उपाय, आणि त्याला दोन मजूर नि एक शिडी लागते. चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून गोंडकालीन परकोटावरची झाडोऱ्याची दाटी हाताने काढली, तेव्हा शहराला स्वतःचा किल्ला पुन्हा दिसला. त्याला कोणतेही सुशोभीकरण लागले नव्हते.

रामटेकचा दिवस नीट आखला तर एका फेरीत सगळी वाकाटक राजधानी पाहून होते, हेही सांगायला हवे, कारण आज तशी पाटी कुठेच दिसत नाही. सकाळी आधी मनसर. हिडिंबा टेकडीवरचे विटांचे प्रचंड बांधकाम १९९७ नंतरच्या उत्खननात उघडे झाले. अनेक अभ्यासक त्याला दुसरा प्रवरसेन या वाकाटक राजाच्या राजधानीशी, प्रवरपुराशी जोडतात. तिथे सावली नाही, म्हणून नऊच्या आत. विटांवर चढायचे नाही, कडेची एक वीट सरकली की तिच्यावरची ओळ पुढच्या पावसात घसरते. तिथून सहा-सात किलोमीटरवर रामटेक, आधी नरसिंह मंदिरे, मग गडमंदिर, उतरताना अंबाळा तलाव. उन्हे कलली की नगरधन. तीच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. २०१५ नंतरच्या उत्खननात इथे प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत, की सुट्टीच्या दिवशी रामटेक बसस्थानकावरून एक छोटी बस तिन्ही ठिकाणी फिरवली तरी पुरे. इतवारीहून रामटेकला रेल्वे आहेच. स्वतःचे वाहन नसलेल्या माणसाला हा इतिहास पाहता येऊ नये, असे कोणीच म्हणणार नाही. तरी व्यवस्था अजून तशी नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला: भाविकांना सभामंडप हवाच असतो, उन्हातान्हात रांगेत उभी राहणारी म्हातारी माणसे तुमच्या वाकाटकांसाठी का होरपळावीत? नक्कीच होरपळू नयेत. उलट गर्दीच्या जागी आज जे बांधले जाते ते गर्दीच्या खऱ्या गरजेचे नसते, हीच तक्रार आहे. दीक्षाभूमीचे पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणात दसऱ्याला देशभरातून माणसे येतात, बहुतेक पायी, रेल्वेने, एसटीने, भाकरी बांधून. त्यांना लागते ते पिण्याचे पाणी, बायकांसाठी स्वच्छ आणि उजेडाची शौचालये, अंथरूण टाकायला कोरडी जमीन, हरवलेल्या मुलाचा पुकारा. एक लाख माणसांना दिवसाचे तीन लिटर पिण्याचे पाणी धरले तर तीन लाख लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर, आणि ते गर्दी वाढण्याआधी पोचायला हवेत. तिथे विकासाच्या आराखड्यात भूमिगत वाहनतळ आला. २०२४ च्या जुलैमध्ये अनुयायांनी त्याला कडाडून विरोध केला आणि सरकारला काम थांबवावे लागले. पायी येणाऱ्यांच्या श्रद्धास्थानाखाली गाड्यांसाठी खोदकाम, ही कल्पना आराखडा करणाऱ्यांना खटकली नाही आणि साध्या माणसाला लगेच खटकली. जागा कोणाची आहे हे विचारल्याशिवाय आराखडा केला की असे होते.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आहे. माघ पौर्णिमेला गोंड समाज तिथे जमतो. गोंडांचे आदिगुरू पारी कुपार लिंगो आणि त्यांचा धर्म कोया पुनेम यांच्या परंपरेत त्या गुहेचे स्थान मूळपीठाचे आहे. तिथे जंगल, डोंगर आणि गुहा हेच मंदिर आहे. वाट सिमेंटची केली, गुहेत फरशी आणि दिवे बसवले, तर पूजेची वस्तूच बदलली जाईल. तिथला पैसा पायथ्याशी, पाणी-शौचालय-दवाखान्यावर आणि दरेकसा स्टेशनपासूनच्या वाहतुकीवर लागला पाहिजे, आणि काय करायचे हे यात्रेतल्या जाणत्यांना विचारून ठरले पाहिजे. धापेवाडा, आदासा, ताजबाग या जागांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: जुनापाणीसारखी जागा लोकांना दाखवू नका, दाखवली की खणली जाईल. ही भीती खोटी नाही. पण जी जागा कोणालाच माहीत नसते ती लेआऊटवाल्याला माहीत असते, आणि तिच्यासाठी ओरडणारे कोणी नसते. मधला मार्ग आहे. एका समूहातली, आधीच उत्खनन झालेली दोन-तीन वर्तुळे पाहण्यासाठी खुली करावीत. तिथे चौकीदार, पाटी, पाण्याची टाकी. बाकीच्यांची मोजणी करून, प्रत्येकाला क्रमांक देऊन, सातबाराच्या इतर हक्कांत नोंद व्हावी आणि तिकडे पाटीही लावू नये. सातबारावर नोंद असली की प्लॉट विकत घेणाऱ्यालाही आधी कळते. पाटीवर कैदेचा इशारा असतोच. त्याखाली वर्तुळाचा उभा छेद काढून दाखवावा, खळगे कुठे पाहायचे ते बाणाने दाखवावे, कोणी खणताना दिसले तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक द्यावा. चौथीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आणखी एक जागा या हिशेबात आणल्याशिवाय राहवत नाही. कुही तालुक्यातले आंभोरा. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वर, हरिनाथांची समाधी. आता गोसेखुर्द धरणाचे पाणी चहूकडे पसरले आहे आणि नवा केबल पूल झाल्यापासून नागपूरहून रविवारी गाड्यांची रीघ लागते. लोक पाण्यात उतरतात, डोक्यावर घेतात. ते पाणी कुठून येते? लाव्हा गावच्या टेकड्यांत उगम पावलेली नाग नदी अंबाझरीवरून शहर ओलांडते, शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला. पुढे तेच पाणी पवनीपाशी जाते, जिथे १९६९-७० च्या उत्खननात मौर्यकाळापर्यंत जाणारे बौद्ध स्तूप निघाले आणि जिला लोक विदर्भाची काशी म्हणतात. आंभोऱ्याला सुशोभीकरणाचा कितीही निधी दिला तरी ते तीर्थ शुद्ध होणार नाही. त्याचा खर्च नागपुरात, आपल्या घरांच्या मोऱ्या आणि नाल्यांवर करावा लागेल. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प मंजूर आहे; त्याला ड्रेनेजचे काम न म्हणता तीर्थक्षेत्राचे काम म्हटले तर कदाचित त्याचा पाठपुरावा जास्त जोराने होईल.

काही वाढवण्याऐवजी काही कमी करून जागा मोठी होते, याचे उदाहरण आपल्याच दारात आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच हा भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी सिल्लारीकडच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करणारे बसवले, उजेड आभाळात सांडू दिला नाही. आकाशगंगा आधीपासून होतीच. हायमास्टची मागणी करणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने एकदा अमावास्येला तिथे जाऊन यावे.

जिल्हा वार्षिक योजनेच्या प्रारूपाची तयारी हिवाळ्यात सुरू होते. त्यात तीर्थक्षेत्र आणि पर्यटनाच्या शीर्षाखालचा किमान चौथा हिस्सा येणाऱ्यांची संख्या न विचारता, झीज पाहून वाटावा, अशी मागणी ग्रामसभांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी करावी. मागणी मोघम नको. जुनापाणीसाठी ती अशी असू शकते: एका हंगामात वर्तुळांची मोजणी आणि नकाशा; चौकीदार दोन, पाळीने, बारा महिने; पाट्या तीन; खांब-तार, पुरातत्त्वाच्या देखरेखीत; गवतकापणी वर्षातून दोनदा, विळ्याने, यंत्राने नव्हे; वाहनतळ ३०० मीटरच्या बाहेर; हायमास्ट नाही, गट्टू नाहीत, प्रवेशद्वार नाही.